एक्सआरएन-१: एमआरएनए संपवणारं एन्झाइम, आणि डेंग्यूने त्याला घातलेला खोडा

कातळफूल (धागाकर्ती)

डेंग्यूच्या धाग्यांवर आपल्याकडे गाडी प्लेटलेट्स, पपईची पानं आणि नगरपालिकेची धूरफवारणी याच्यापुढे सरकत नाही. घरात ताप असताना रेणूंची चर्चा कुणाला सुचणार, तेही खरंच. पण या विषाणूची एक चाल इतकी बेरकी आहे की तिच्यावर वेगळा धागा काढायचा मोह आवरला नाही. त्यासाठी आधी एका एन्झाइमची ओळख करून घ्यावी लागेल. नाव एक्सआरएन-१. ते यीस्टमध्ये आहे, माशीत आहे, डासात आहे, तुमच्या-माझ्या पेशींत आहे, आणि त्याचं मुख्य काम एमआरएनए संपवणं.

शाळेत आपण डीएनएवरून आरएनए आणि आरएनएवरून प्रथिन एवढं शिकलो. केंद्रकात जनुकाची नक्कल निघते, ती एमआरएनए होऊन बाहेर येते, रायबोसोम ती वाचून प्रथिन बांधतो. आकृती तिथे संपते. वाचून झालेल्या एमआरएनएचं पुढे काय, हे आकृतीत नसतं. एखादं प्रथिन बनणं थांबवायचं तर नवे एमआरएनए काढणं बंद करून भागत नाही. आधी निघालेले शाबूत आहेत तोवर रायबोसोम त्यांच्यावरून प्रथिन काढतच राहणार. म्हणून प्रत्येक एमआरएनएला आयुष्य नेमून दिलेलं असतं. जिवाणूंत ते काही मिनिटांचं. आपल्या पेशींत सरासरी काही तासांचं, पण त्यातही जमीन-अस्मानाचा फरक. सी-फॉस, सी-मिक ही पेशीविभाजनाला चालना देणारी जनुकं. त्यांचे एमआरएनए अर्ध्या तासाच्या आत-बाहेर निम्म्यावर येतात. हिमोग्लोबिनमधलं ग्लोबिन बनवणारे एमआरएनए मात्र दिवसाहून अधिक टिकतात, आणि टिकावेच लागतात, कारण तांबडी रक्तपेशी घडता घडता स्वतःचं केंद्रकच टाकून देते. उलट सी-मिकचा एमआरएनए रेंगाळला तर पेशी कर्करोगाच्या वाटेला लागू शकते.

आता हे संपवणं कसं होतं ते. एमआरएनएच्या दोन्ही टोकांना संरक्षण असतं. सुरुवातीच्या, म्हणजे पाच-प्राइम टोकाला मिथाइल ग्वानोसिनची टोपी. शेवटच्या, तीन-प्राइम टोकाला अ‍ॅडेनिनची लांब शेपटी. बहुतेक वेळा आधी शेपटी झिजते. सीसीआर४-नॉट नावाचं प्रथिनांचं टोळकं ती कुरतडत आणतं. यीस्टमध्ये शेपटी दहा-बारा अ‍ॅडेनिनवर आली की टोपी काढणाऱ्या एन्झाइमला, डीसीपी२ला, संधी मिळते. ते टोपी छाटतं आणि मागे उघडं टोक राहतं, त्यावर फक्त एक फॉस्फेट.

या एका फॉस्फेटचीच एक्सआरएन-१ वाट बघत असतं. त्याच्या आत एक अरुंद खोबण आहे. टोपी तिच्यात मावत नाही. तीन फॉस्फेटवालं, म्हणजे नुकत्याच लिहिलेल्या आरएनएचं टोकही मावत नाही. एक फॉस्फेटवालं टोक मात्र नेमकं बसतं. एकदा बसलं की एन्झाइम सोडत नाही. पाच-प्राइमकडून तीन-प्राइमकडे एकेक न्यूक्लिओटाइड, म्हणजे आरएनएचं एकेक अक्षर, तोडत शेवटापर्यंत जातं. वाटेत आरएनएने स्वतःभोवती वेटोळी घातलेली असली तरी ती सोडवत पुढे सरकतं. ही रचना २०११ मध्ये मार्टिन यिनेक, स्कॉट कॉइल आणि जेनिफर डाउडना यांनी फळमाशीच्या एक्सआरएन-१ वरून दाखवली. (यिनेक आणि डाउडना ही नावं पुढच्याच वर्षी क्रिस्पर या जनुकं कापण्याच्या तंत्राच्या शोधनिबंधावर झळकली. त्यामुळे हे काम बिचारं झाकोळलं गेलं.)

आता डेंग्यू. विषाणूचा अख्खा जीनोम म्हणजे सुमारे १०,७०० न्यूक्लिओटाइडचा एक आरएनए. एक्सआरएन-१ त्यालाही धरतं, पाच-प्राइम टोकाकडून फस्त करत जातं, आणि शेवटाजवळ अचानक अडकतं. पुढचे तीनशे ते पाचशे न्यूक्लिओटाइड शिल्लक राहतात. हे उरलेले तुकडे पेशीत साठत जातात. त्यांना एसएफआरएनए म्हणतात. विषाणूला हे तुकडे हवेच असतात. २००८ मध्ये ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड विद्यापीठातल्या अलेक्झांडर ख्रोमिख यांच्या गटाने डेंग्यूच्या कुळातल्याच वेस्ट नाइल विषाणूच्या कुंजिन या प्रकारावर दाखवलं, की एसएफआरएनए बनू दिला नाही तर विषाणूची मारकशक्ती घटते.

म्हणजे आपण विषाणू संपवायला निघतो आणि आपल्याच एन्झाइमच्या अर्धवट राहिलेल्या कामातून विषाणूला हत्यार मिळतं. प्रश्न विचारा. जमेल तेवढं सांगते.

चहाबाज

वाचतोय. दुसरा कप ठेवला.

शंकासुर

मजा आली वाचायला. पण दोन गोष्टी घशाखाली उतरत नाहीत.

एक, डेंग्यूच्या आरएनएलाही टोपी असते असं वाचलंय. मग एक्सआरएन-१ त्याला धरतंच कसं?

दोन, तुम्हीच म्हणताय की वाटेतली वेटोळी ते सोडवत जातं. मग शेवटाजवळच असं काय आहे की हा गडी तिथे ढिम्म उभा राहतो? एखादं प्रथिन येऊन बसतं का तिथे?

कातळफूल

टोपी असते, बरोबर. पण पेशीत विषाणूच्या हजारो प्रती असतात आणि सगळ्या धडधाकट नसतात. काहींना टोपी बसलेलीच नसते, काहींची निघते. विषाणूला सगळ्याच प्रती वाचवायच्या नसतात. थोड्या बळी जाऊन तुकडे मिळणार असतील तर सौदा स्वस्तात पडतो.

दुसऱ्या प्रश्नासाठी प्रयोगवही यांना हाक मारते. ते यातलेच आहेत.

प्रयोगवही

हजर.

प्रथिन वगैरे काही नाही, शंकासुर. सगळी करामत आरएनएच्या घडीची. हे टेस्ट ट्यूबमध्ये दाखवता येतं आणि दाखवताना मजा येते. डेंग्यूच्या शेवटच्या भागाचा आरएनए बनवायचा. बनवलेल्या आरएनएच्या टोकाला तीन फॉस्फेट असतात, तसाच दिला तर एक्सआरएन-१ ढुंकून बघत नाही. म्हणून आरपीपीएच नावाचं जिवाणूचं एन्झाइम घालून दोन फॉस्फेट उडवायचे. मग मॅग्नेशियमचा बफर, एक्सआरएन-१, थोडा वेळ ऊब, आणि सगळं जेलवर चढवायचं, म्हणजे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होऊन पट्ट्या दिसतात. शेजारच्या रकान्यात कुठलाही साधा आरएनए. साध्याच्या रकान्यात काही उरत नाही, जेल कोरी. डेंग्यूच्या रकान्यात मूळ पट्टी गायब आणि खाली, तोकड्या लांबीवर, एक धारदार पट्टी. पट्टी धारदार आहे याचा अर्थ सगळे रेणू एकाच जागी अडकले, इकडेतिकडे नाही. ट्यूबमध्ये पेशीतलं दुसरं काही नाही, तरी अडकतातच.

आता त्या भागातलं एकच अक्षर बदला, एका ठरावीक सी-च्या जागी जी. पट्टी नाहीशी. एक्सआरएन-१ शेवटापर्यंत खाऊन मोकळं.

याची रचना कोलोराडो विद्यापीठातल्या जेफ्री कीफ्ट यांच्या गटाने काढली. २०१४ मध्ये मरे व्हॅली एन्सेफलायटिस विषाणूची, २०१६ मध्ये झिकाची, दोन्ही डेंग्यूच्याच कुळातले. तीन दांडे एका सांध्यावर येतात आणि आरएनएचा एक भाग वळून स्वतःचंच कडं तयार करतो. पाच-प्राइमकडून येणारा धागा त्या कड्याच्या आतून ओवलेला असतो. एक्सआरएन-१ धागा ओढत ओढत येतं आणि कड्यावर आपटतं. कडं त्याच्या तोंडापेक्षा मोठं. पायजम्याची नाडी ओढताना गाठ नेफ्याच्या भोकाशी येऊन बसते, तसं समजा.

बे_एके_बे

उपमा झकास, पण गणिताच्या माणसाला एक खटकतं. नाडीची गाठ दोन्ही बाजूंनी अडकते. विषाणूला स्वतःच्या नकला काढायच्या असतील तर त्याचं नक्कल काढणारं एन्झाइमही याच धाग्यावरून जाणार ना? तेही त्या कड्याशी अडकलं तर विषाणूचा वंशच खुंटला.

प्रयोगवही

काका, नेमकं बोललात. हे कडं एकाच बाजूने अडवतं. विषाणूचं पॉलिमरेज तीन-प्राइम टोकाकडून नक्कल काढायला सुरुवात करतं, म्हणजे एक्सआरएन-१ च्या विरुद्ध दिशेने येतं. त्या बाजूने आलं की त्याला आधी कड्याचा बाहेरचा भाग मिळतो. तो उलगडला की कडं सुटतं आणि वाट मोकळी. पाच-प्राइमकडून आलेल्याला आधी मिळतो तो कड्यात ओवलेला धागा. तो ओढला की कडं आणखी आवळतं. कीफ्ट यांच्या लोकांनी उलट दिशेने चालणारं एन्झाइम सोडून हे तपासलंसुद्धा, ते बिनदिक्कत पार गेलं.

त्यामुळे नाडी सोडा, रचनेचं चित्र बघा. झिकाची ती आकृती प्रोटीन डेटा बँकेत फुकट बघायला मिळते, माउसने फिरवता येते. धागा कड्यातून जाताना दिसतो.

चहाबाज

फिरवून बघितली. डोकंही फिरलं.

सह्यकडा

इतिहासाची आवड असलेल्यांसाठी थोडं. या एन्झाइममागे ऑड्री स्टीव्हन्स हे नाव आहे. अमेरिकेत टेनेसीतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत त्यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस यीस्टमधून ते वेगळं केलं आणि टोकाला काय आहे यावर त्याची भूक ठरते हे दाखवलं. जनुक सापडायला १९९० उजाडलं. ते जनुक काढून टाकल्यावर यीस्ट मरत नाही, पण हळू वाढतं. १९९३ मध्ये त्यांनीच दाखवलं की अशा यीस्टमध्ये शेपटी झडलेले आणि टोपी गेलेले एमआरएनए साचून राहतात. पुस्तकात आज जी क्रमवार वाट छापतात, शेपटी, मग टोपी, मग एक्सआरएन-१, तिचा हा एक मोठा आधार. दुसरा आधार त्याच सुमाराला अ‍ॅरिझोनात रॉय पार्कर यांच्याकडे झालेलं काम.

आणि आता गंमत. १९६० च्या सुमारास डीएनएवरून आरएनए लिहिणारं एन्झाइम, आरएनए पॉलिमरेज, ज्या मोजक्या लोकांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे शोधलं त्यांत सॅम्युएल वाइस, जेरार्ड हुर्विट्झ यांच्यासोबत याच ऑड्री स्टीव्हन्स होत्या. लिहिणारंही त्यांनी शोधलं आणि संपवणारंही. तरी जीवशास्त्राच्या किती विद्यार्थ्यांना हे नाव माहीत असेल? मला विचाराल तर हा सरळ अन्याय आहे.

या जनुकाला किती नावं पडलीत तेही बघा: केईएम१, एसईपी१, डीएसटी२, आरएआर५, एसकेआय१. ज्याने त्याने आपापल्या वाटेने येऊन हेच जनुक गाठलं. कुणी गुणसूत्रांच्या देवाणघेवाणीचा अभ्यास करत होतं, कुणी केंद्रकांच्या मीलनाचा. शेवटचं एसकेआय म्हणजे ‘सुपरकिलर’. यीस्टच्या काही वाणांत एक विषाणू राहतो आणि त्याच्या जोरावर ते यीस्ट विष सोडून शेजाऱ्यांना मारतं. हे जनुक बिघडलं की विषाणूवरचा वचक सुटतो आणि यीस्ट महामारक होतं. म्हणजे एक्सआरएन-१ चा विषाणूंशी छत्तीसचा आकडा डेंग्यूच्या कितीतरी आधीपासूनचा.

फळमाशीवाल्यांनी त्याला ‘पॅकमन’ नाव दिलंय. व्हिडिओ गेममधलं ते गोल तोंड आठवा.

आजीबाईचा_बटवा

ताई, तुम्ही पपईच्या पानांना सुरुवातीलाच टोमणा मारलात, तो मी गिळला. 🙂

माझा प्रश्न वेगळा. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अजून फिरतं की कोरोनाच्या एमआरएनए लशीतला एमआरएनए शरीरात कायमचा राहतो. तुमचं हे एन्झाइम त्यालाही खातं का? आणि खात असेल तर मग लस उणे सत्तर अंशांवर कशाला ठेवत होते? बाटलीत तर पेशी नसतात.

कातळफूल

टोमणा पपईला नव्हता हो, चर्चेला होता. (डेंग्यूच्या तापात अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन टाळा, पॅरासिटामॉल घ्या, डॉक्टरांना गाठा. बाकी सल्ले त्या धाग्यावर.)

लशीतला एमआरएनएही पेशीत गेल्यावर इतरांसारखाच. शेपटी झिजते, टोपी जाते, एक्सआरएन-१ येतं. शिवाय तीन-प्राइम बाजूने खाणारी वेगळी यंत्रणा असते, एक्झोसोम नावाची. बराचसा काही दिवसांत संपतो. लसिका ग्रंथींमध्ये काही आठवड्यांनंतरही अंश सापडल्याचे अभ्यास आहेत, ते लपवायचं कारण नाही. पण ‘कायमचा’ हे थोतांड. लस बनवणाऱ्यांची खरी डोकेदुखी उलटी होती: हा एमआरएनए लवकर संपू नये कसा?

त्यांनी केलेले उपाय बघा, म्हणजे वर लिहिलेलं सगळं परत भेटेल. फायझर-बायोएनटेकच्या लशीत पक्की टोपी बसवली. सुरुवातीचा न वाचला जाणारा भाग माणसाच्या अल्फा ग्लोबिनवरून घेतला, म्हणजे त्या टिकाऊ घराण्यातला. शेपटी तीस अ‍ॅडेनिन, मध्ये दहाचा जोड, मग सत्तर अ‍ॅडेनिन. आणि युरिडिनच्या जागी बदललेलं युरिडिन. ही शेवटची युक्ती कॅटलिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांची, २००५ सालची. तिने पेशीचा पहारा चुकतो. २०२३ चं नोबेल त्यांना त्याबद्दलच मिळालं.

बाटलीतल्या थंडीचं उत्तर प्रयोगवही देतील.

प्रयोगवही

बाटलीत आरएनए स्वतःच स्वतःला तोडतो. डीएनएच्या साखरेत एक ऑक्सिजन कमी असतो. आरएनएच्या साखरेत तो असतो, आणि संधी मिळाली की तोच शेजारच्या फॉस्फेटवर हल्ला करून साखळी तोडतो. पाणी आणि ऊब मिळाली की हे जोरात चालतं. म्हणून थंडी, किंवा मग पाणीच काढून टाकायचं. पुण्याच्या जेनोव्हाने दुसरा मार्ग धरला. जेमकोव्हॅक-१९ गोठवून सुकवलेली होती, साध्या फ्रिजच्या २ ते ८ अंशांवर राहायची. जून २०२२ मध्ये तिला आपल्याकडे आपत्कालीन मंजुरी मिळाली.

याशिवाय आरएनए तोडणारी एन्झाइमं सगळीकडे असतात. आपल्या कातडीवरही. आमच्याकडे नव्या मुलांना पहिली ताकीद तीच: हातमोजे घातल्यावर मोबाइलला, दाराच्या मुठीला, स्वतःच्या केसांना हात लावला की मोजे बदला. कुणी हयगय केली की जेल सांगते. चांगल्या आरएनएमध्ये रायबोसोमच्या दोन ठसठशीत पट्ट्या दिसतात, खराब झालेल्यात वरून खालपर्यंत नुसता फराटा.

दोडामार्गकर

नमस्कार. मी सिंधुदुर्गातला. आमच्याकडे २०१६ मध्ये माकडताप आला होता, त्याआधी वर्षभर गोव्यात सत्तरीत. काजूच्या हंगामात लोक बागांत जातात आणि गोचिडी चावतात. तो विषाणू डेंग्यूच्याच कुळातला असं तेव्हा आरोग्यवाले सांगत होते. मग ही कड्याची भानगड त्यालाही आहे का?

कातळफूल

कूळ एकच, फ्लेविव्हायरस. डेंग्यू, झिका, जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाइल, पीतज्वर आणि तुमचा माकडताप, म्हणजे क्यासनूर जंगल रोग. १९५७ मध्ये शिमोगा भागातल्या जंगलात माकडं मरायला लागली तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तो विषाणू शोधला. तेच केंद्र पुढे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झालं.

गोचिडीतून पसरणाऱ्या फ्लेविव्हायरसांतही एक्सआरएन-१ ला अडवणाऱ्या घड्या आहेत. डासवाल्यांपेक्षा त्यांची अक्षरं बरीच वेगळी, पण काम तेच. ज्या विषाणूंचा वाहक कुठला हेच माहीत नाही त्यांच्यातही सापडल्या. कुळातल्या इतक्या शाखांनी ही चीज जपून ठेवलीय म्हणजे तिचं मोल किती असेल बघा.

शंकासुर

मग चिकुनगुन्यालाही असणारच. डास तोच, एडिस.

कातळफूल

नाही. डास तोच, पण कूळ वेगळं. चिकुनगुन्या अल्फाव्हायरस आहे. त्याच्या आरएनएला आपल्या एमआरएनएसारखी अ‍ॅडेनिनची शेपटी असते, डेंग्यूला ती नसते. तेव्हा चावणाऱ्यावरून विषाणूचं गोत्र लावू नका.

बे_एके_बे

मूळ मुद्दा अजून अर्धाच सुटलाय असं मला वाटतं. तुकडे उरले, ठीक. पण त्या तुकड्यांचा विषाणूला उपयोग काय? तीन-चारशे अक्षरांचा आरएनए, त्यात प्रथिनाचा मजकूरही नाही.

कातळफूल

काका, खरी गंमत तिथेच आहे. दोन कामं सांगते.

पहिलं, तुकडा पेशीच्या प्रथिनांना धरून बसतो. विषाणू आल्याची खबर मिळाली की पेशी इंटरफेरॉन हे धोक्याचा इशारा देणारं प्रथिन सोडते. या खबरीच्या साखळीत ट्रिम२५ नावाचं प्रथिन आहे. १९९४ मध्ये पोर्तो रिकोत डेंग्यू-२ चा (डेंग्यूच्या चार प्रकारांपैकी एक) एक नवा वाण आला आणि त्याने जुन्या वाणाला हुसकावून लावलं. २०१५ मध्ये सिंगापूरच्या गटाने त्यामागचं कारण शोधलं, तेव्हा दिसलं की नव्या वाणाचा एसएफआरएनए जास्त प्रमाणात बनतो आणि ट्रिम२५ ला घट्ट धरतो. ट्रिम२५ अडकलं, इंटरफेरॉन कमी, विषाणूला रान मोकळं. साथीमागची इतर कारणं असतातच, लोकांची प्रतिकारशक्ती, डासांची संख्या वगैरे. पण विषाणूच्या शेवटच्या, ‘निरर्थक’ भागातल्या फरकाचा साथीशी संबंध लागावा हे मला विलक्षण वाटतं.

दुसरं काम आणखी धूर्त. कड्याशी अडकलेलं एक्सआरएन-१ तिथून लगेच सुटत नाही. हजारो तुकड्यांवर हजारो एन्झाइमं अडकून पडली की पेशीच्या स्वतःच्या एमआरएनएंचा निकाल लावायला कमी उरतात. जेफ्री विल्युझ यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं की एसएफआरएनए एक्सआरएन-१ ला दाबतो आणि पेशीतले अल्पायुषी एमआरएनए जास्त जगायला लागतात. वर सी-मिकबद्दल लिहिलं ते आठवा. कुठला एमआरएनए किती जगावा याचा पेशीचा सगळा हिशेबच बिघडतो.

डासातही हा तुकडा बनतो, त्याच्या लाळग्रंथींतही सापडतो.

सह्यकडा

+१. आणि दुसऱ्या टोकाचे विषाणूही आहेत. काही जण एक्सआरएन-१ ला अडवत नाहीत, कामाला लावतात. सार्सच्या विषाणूचं एनएसपी१, हर्पिसचं व्हीएचएस, यांच्यामुळे पेशीच्या एमआरएनएंना मधेच चीर पडते. चिरलेल्या तुकड्याचं टोक उघडं, की एक्सआरएन-१ बाकीचं फस्त करतं. मेहनत आपल्या एन्झाइमची, फायदा त्यांचा. हिपॅटायटिस सी वाल्याने तिसरीच शक्कल काढली: त्याच्या आरएनएला टोपी नसते, म्हणून यकृतातला एमआयआर-१२२ नावाचा छोटा आरएनए सुरुवातीच्या टोकावर पांघरून बसतो.

शंकासुर

मग सरळ एक्सआरएन-१ बंद करणारं औषध काढा. डेंग्यूला तुकडेच मिळणार नाहीत.

प्रयोगवही

आणि पेशीचं काय करायचं? यीस्ट तगतं, पण रखडत. फळमाशीत पॅकमन बिघडलं की पंख लहान राहतात, प्रजननावर परिणाम होतो. गोलकृमीच्या गर्भात ते दाबलं तर गर्भाचं पोट नीट मिटतच नाही. शिवाय पेशी दुसऱ्या बाजूने भरपाई करायला बघते. २०१३ मध्ये दोन गटांनी, एक हैफाचा आणि एक म्युनिकचा, यीस्टमध्ये दाखवलं की एमआरएनए संपवणं आणि नवा लिहिणं यांचा एकमेकांशी हिशेब असतो आणि त्यात एक्सआरएन-१ चा हात असतो. तो हात कसा चालतो याच्या तपशिलात मात्र त्यांचं जुळलं नाही, आणि तो वाद वाचण्यासारखा आहे.

कर्करोगवाल्यांचा डोळा आहे त्याच्यावर. काही गाठींच्या पेशींत इंटरफेरॉनची यंत्रणा आधीच पेटलेली असते. तिथे एक्सआरएन-१ काढलं तर दुपदरी आरएनए साचतो, पेशीला विषाणू आल्याचा भास होतो आणि ती मरते. पण हे प्रयोगशाळेतलं. डेंग्यूच्या चार दिवसांच्या तापासाठी असलं औषध मी तरी घेणार नाही.

आजीबाईचा_बटवा

म्हणजे इतकं सगळं कळून रुग्णाला उपयोग शून्य?

कातळफूल

तसं नाही बटवाताई. औषधाच्या वाटेने नाही, पण लशीच्या वाटेने आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने नव्वदच्या दशकात डेंग्यू-४ चा विषाणू दुबळा करायला त्याच्या तीन-प्राइम भागातले तीस न्यूक्लिओटाइड उडवले. डेल्टा-३० म्हणतात. हा विषाणू शरीरात वाढतो, पण जेमतेम, आणि प्रतिकारशक्ती जागवतो. १९९६ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा एसएफआरएनए हा शब्दही कुणी उच्चारला नव्हता. बारा वर्षांनी तो सापडला. मग २०१८ मध्ये लोकांनी डेल्टा-३० कडे परत बघितलं, तर माणसाच्या पेशींत या विषाणूचा एसएफआरएनए कमी साठत होता आणि इंटरफेरॉनपुढे तो लवकर नमत होता. तीस अक्षरं उडवून त्यांनी, काय उडवतोय हे न कळता, विषाणूच्या नेमक्या हत्याराला हात घातला होता. दुबळेपणाचं ते एकमेव कारण नसेलही, पण एक कारण ते दिसतं.

त्या डेल्टा-३० वरून पुढे चारही प्रकारांची एकत्र लस तयार झाली. डेंग्यू-१ आणि ४ मध्ये तीसची कात्री, ३ मध्ये आणखी एक कात्री जास्त, आणि डेंग्यू-२ चा फक्त बाहेरचा साज डेंग्यू-४ च्या कात्री लावलेल्या सांगाड्यावर. तिचे परवाने ब्राझीलच्या बुटांटान संस्थेने घेतले, आपल्याकडे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आणि पॅनेशिया बायोटेकनेही घेतले. पॅनेशियाची तिसऱ्या टप्प्याची चाचणी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेसोबत ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतकला सुरू झाली. दहा हजारांहून अधिक प्रौढ स्वयंसेवक आणि प्रत्येकावर दोन वर्षं नजर, असा आराखडा आहे. निकाल छापून आले की याच धाग्यावर टाकते.

चहाबाज

धागा वर ठेवतो. पावसाळा आला की परत लागेलच.